खिडकीतली नळी

आमची थोरली लेक कॉलेज सुटल्यापासून कवळ्या बनवायची. गल्लीपलीकडे, तिच्या खिडकीच्या अगदी समोर, माझ्या दिरांची दातांची लॅब आहे. ती तिथंच कामाला होती; चुलतभावाला, दिरांच्या मुलाला, तिनंच हाताला धरून काम शिकवलं. तो तयार झाला आणि काकांनी गोड बोलून हिला घरी बसवलं. त्या दिवशी तिनं खिडकी लावली, ती आजतागायत.

खोलीत तिची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात जिवंत प्रवाळ. कवळ्यांच्या बारीक हत्यारांनी ती त्यांचे तुकडे दगडांवर चिकटवते. जीव रमवायला तेवढंच उरलंय. पण प्रवाळांचे रंग उडू लागले. पाण्याचा पीएच घसरलेला. तो वाढवायची पूड घातली की चढायचा, सकाळी पुन्हा खाली.

शेवटी मीच टाकीवाल्याला बोलावलं. त्यानं टाकीतलं पाणी भांड्यात घेतलं, गॅलरीत नेऊन त्यात छोट्या पंपानं हवा सोडली. पीएच आपोआप चढला.

"मावशी, पाण्यात खोट नाही, खोलीत आहे. कोंडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतोय. ताई, खिडकी उघडा. पूड ओतून ओतून माराल त्यांना."

"खिडकी सोडून बोला," थोरली म्हणाली.

मला मात्र आशा वाटली. आईसाठी नाही, निदान प्रवाळांसाठी तरी उघडेल! तो गेल्यावर म्हटलं, "अगं, तोंड काकांनी लपवायचं. तू कशाला?"

"काल जिन्यात काकांशी हसत कोण बोलत होतं?"

"दीर आहेत ते माझे. तोंडावर काय बोलू?"

"मग मलाही काही सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीतून ड्रिलचा आवाज आला. धावत गेले. खिडकीच्या चौकटीला भोक पाडून तिनं एक नळी बाहेर काढली होती. नळीचं दुसरं टोक स्किमरला, म्हणजे पाण्यात हवा घुसळून घाण काढणाऱ्या यंत्राला.

"आता यांना बाहेरची हवा मिळेल," ती म्हणाली.

नळीभोवतीची फट तिनं कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी प्लॅस्टिकनं बुजवली होती. इतकी सफाईदार, की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. असे हात घरी बसवले त्यांनी! आणि मी जिन्यात हसले.

पीएच चढला. प्रवाळ टवटवीत झालेत. ती त्यांच्यासमोर त्याच कोंदट खोलीत बसून असते. आज ताट घेऊन गेले, तर मान न वळवता म्हणाली, "जाताना दार लाव."