जरा दात बघता का?

खांदा कॉलनीच्या बसथांब्यावर तो रोज सकाळी आपला अल्सेशियन घेऊन उभा असायचा. मी दिसलो की म्हणायचा, "साहेब, जरा याचे दात बघता का?"

मागच्या डॉग शोमध्ये परीक्षकाने दात तपासायला ओठ उचलला, तेव्हा कुत्रा गुरगुरला आणि बाद झाला. पुन्हा गुरगुरला तर त्याला कधीच शोमध्ये घेणार नव्हते. म्हणून कुत्र्याच्या सवयीसाठी मालकाला परके हात हवे होते.

थांब्याजवळची भाजीवाली ओरडायची, "अरं, कुत्रा हाय का बैल? इकायचा हाय काय?" तो हसायचा नाही. मीच परीक्षक असल्यासारखा कुत्र्याची मान वर धरून ताठ उभा राहायचा. मी वैतागून ओठ उचलायचो, "झालं?" म्हणायचो आणि हाताची लाळ पुसत बसमागे धावायचो.

एके सकाळी मला बघून कुत्र्याने शेपटी हलवली.

"साहेब, आता तुम्ही नको," तो म्हणाला. "तुम्ही ओळखीचे झालात."

सुटलो, असं वाटायला हवं होतं. उलट मी दिवसभर त्याच्यावर चिडून होतो.

शो झाल्यावर सोमवारी मीच विचारलं, "गुरगुरला का?"

"नाही साहेब. अगदी शांत उभा राहिला."

"मग नंबर?"

"तो नाही आला." तो पहिल्यांदाच हसला.

तेवढ्यात बस आली. मी पिशवी खाली ठेवली आणि कुत्र्याचा ओठ उचलला. इतके दिवस मी ते दात एकदाही नीट बघितले नव्हते.