हडंबा थांबलाय तोवर

माझ्या आईकडं एक कटर आहे. कटर म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची मशीन. दोरी ओढली की दातांची साखळी गरगर फिरायला लागते. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळी छाटायला दरवर्षी कोणाच्या तरी विनवण्या कराव्या लागतात, याचा तिला एकदा असा संताप आला, की बाभुळगावच्या एका लाकूड ठेकेदाराकडून तिनं तो जुनापुराणा कटर उचलून आणला. साठी उलटलेली बाई कटर चालवते म्हटल्यावर गाव हसलं. माझा दादा तर अजून हसतो. आई कोणालाच भीक घालत नाही.

यंदा दसऱ्याला मी माहेरी गेले होते. बोरी अरबपासून थोडं आत आमचं गाव. माझं सासर घाटंजीला. तिथं माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात, आणि प्रवासातही माझ्या पिशवीत पाने-पेचकस असतातच. नवऱ्याला याची लाज वाटते, मला वाटत नाही.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वारं सुटलं. उजाडल्यावर पाहतो तर वावराकडं जाणाऱ्या पांदणीवर भलीमोठी बाभूळ आडवी झालेली. वावराला दुसरी वाट नाही. बाभळीच्या पलीकडं आईच्या सोयाबीनची गंजी, कापून रचून ठेवलेली, वर एक फाटकी ताडपत्री. अलीकडं ट्रॅक्टरला जोडलेला हडंबा, म्हणजे मळणीयंत्र. आणि वर आभाळ काळंभोर. गंजी भिजली की शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो, आणि आईचं सगळं पीक त्या एकाच गंजीत होतं.

"दुपारपर्यंत थांबतो, काकू," हडंबेवाला म्हणाला. "मंग मले जा लागते. तिकडचे लोकंही वाट पाहून राह्यले."

आई ऐटीत कटर घेऊन आली. काल त्याची साग्रसंगीत पूजा झाली होती. मुठीवर हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि जिथं जागा सापडेल तिथं सोनेरी बेगडाच्या पट्ट्या. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेलं बेगड ती जपून ठेवते आणि दसऱ्याला विळ्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळ्या अवजारांना लावते. नटलेला कटर तिनं जमिनीवर ठेवला, पायानं दाबला, दोरी ओढली. काहीच नाही. पुन्हा ओढली. घाम निघाला, पण कटर ढिम्म.

"परवा तं लिंबाची फांदी कशी भराभरा कापली यानं!" आई म्हणाली.

मग दादानं दोरी ओढली. घरात नवा प्लग होता, तो त्यानं लावून पाहिला. तरी नाही. "मेला हा. भंगारात दे आता," म्हणत तो कुऱ्हाड आणायला निघाला. त्या खोडाला कुऱ्हाडीनं संध्याकाळ झाली असती.

"भंगारात तू जाय," आई म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "पाह्य व बाई तू. माहं सोयाबीन हाय तिकडे."

हेच ऐकायला मी टपून बसले होते! पदर खोचला आणि बाभळीच्याच आडोशाला बैठक मारली.

प्लग काढला. पेट्रोलनं ओलाचिंब. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, करंट येत नव्हता. प्लग पुसून त्याच्या तारेच्या टोपीत बसवला, इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून धरला आणि दादाला दोरी ओढायला लावली. प्लगच्या टोकाला ठिणगी दिसायला हवी होती. डोळे फाडून पाहिलं, ठिणगीचा पत्ता नाही. पण मला तर भलताच आनंद झाला, कारण अर्धं इंजिन संशयातून सुटलं होतं.

दोरीकडचं झाकण खोललं. आत लोहचुंबकाचं चाक आणि त्याच्या शेजारी कॉइल. हे चाक फिरलं की कॉइल करंट तयार करते. दोन्हींवर गंज चढला होता. पॉलिश पेपरनं घासून दोन्ही लख्ख केली. कॉइल आणि चाक यांच्यात अगदी बारीक फट लागते, म्हणून दादाच्या खिशातली लग्नपत्रिका मागून घेतली, तिचा जाड कागद मधे सरकवला, कॉइल दाबून स्क्रू आवळले आणि कागद ओढून काढला.

"ज्याचं लग्न त्याले म्हनाव, आमचा कटर तुह्या पत्रिकेनं बसवला," दादा म्हणाला. आता तोही रंगात आला होता.

झाकण लावून ओढली दोरी. ठिणगी नाही.

तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. हडंबेवाला आभाळाकडं पाहत होता. आई त्याच्या ट्रॅक्टरसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जरासं थांब ना बाप्पा, पोरगी करून राह्यली." आवाज चढा होता, पण तिची नजर सारखी गंजीकडं जात होती.

आणि मग मला माझं दुकान आठवलं. निम्म्या मिक्सरांचं दुखणं मोटरमध्ये नसतंच, बटणात असतं! कॉइलपासून एक बारीक तार बंद-चालूच्या बटणाकडं जाते. बंद केलं की ती तार इंजिनच्या अंगाला टेकते आणि करंट प्लगला न जाता तिकडंच जिरतो. मी पुन्हा झाकण खोललं, ती तार कॉइलवरून उपसून काढली आणि झाकण लावलं.

"ओढ दादा!"

टच्च! निळी, टपोरी ठिणगी! मी एवढ्या जोरात ओरडले की हडंबेवाला ट्रॅक्टरवरून खाली उतरून पाहायला आला.

तार तशीच सोडूनही कटर चालला असता, पण मग बंद कसा करणार? साखळी फिरतेय, आई कापतेय आणि बटणाचा उपयोग नाही, हे मला चालणार नव्हतं. बटणाची खोबण उघडली. आत, तारेचं टोक आणि लोखंडी अंग यांच्या मधोमध, सोनेरी बेगडाचा एक तुकडा अडकून बसला होता. आईनं बटणाभोवती पट्टी चिकटवताना तो आत सरकला असणार. बेगड दिसायला कागद, पण असतो पातळ पत्राच. कालपासून कटर 'बंद'वरच होता.

मी तो चिमट्यानं काढून आईसमोर धरला. तिला समजायला वेळ लागला नाही.

"माह्याच हातानं व माय," ती म्हणाली, आणि तो तुकडा घेऊन पदराच्या गाठीत बांधला. मी घाईघाईनं तार जोडली, झाकण आवळलं, प्लग पुसून बसवला आणि कटर तिच्याच हातात दिला.

तिनं दोरी ओढली. फर्रर्र! निळा धूर, पेट्रोलचा वास आणि दादाची शिट्टी. पण तिनं लगेच बटण दाबून कटर बंद केला. आम्ही सगळे ओरडलो, "काहून?" ती म्हणाली, "आता आयकते का नाई, पाहू दे." पुन्हा दोरी ओढली, कटर पुन्हा पेटला, आणि ती बाभळीवर तुटून पडली. भुसा उडत होता, ओंडके दादा बाजूला लोटत होता, आणि हडंबा इंचाइंचानं पुढं सरकत होता.

शेवटची पोती वावरातल्या गोठ्यात गेली आणि मग पाऊस आला. तिथंच उभ्या उभ्या मी पिशवीत पाने भरत होते. आईनं माझ्या हातून पेचकस घेतला.

"याची पूजा कोनं केली काल?"

कोणीच केली नव्हती. तिनं पदराच्या गाठीतून तो बेगडाचा तुकडा काढला, पेचकसाच्या प्लास्टिकच्या मुठीवर धरला आणि चिकटवायच्या आधी मला विचारलं, "अठी लावलं तं चालते ना?"