हार घालण्याजोगा फोटो

आमच्या लोधिवलीत माणूस गेला की रडारड चालू असतानाच कुणीतरी विचारतं, "फोटो कुठला लावायचा?" मग चौक गावचा स्टुडिओवाला लग्नाच्या ग्रुप फोटोतलं डोकं कापून सुटाबुटावर बसवतो. शेजारच्या काकांचं तसंच झालं. जन्मभर बंडीत वावरलेला माणूस मेल्यावर टाय लावून भिंतीवर चढला. ते पाहून माझ्या वडिलांनी, आबांनी, धसकाच घेतला.

"मला नाय सायेब व्हायचं गं. माझा फोटो जिवंतपणीच काढ. आन् मागं बंदर पायजे. डोंगर बघून बघून डोळे विटले. समुद्रातनं सूर्य वर येतोय, असा."

तब्येत ठणठणीत, पण हट्ट म्हणजे हट्ट. एका रविवारी अंधारातच गाडी काढली आणि अलिबागकडचं एक बंदर गाठलं. कोरं धोतर नेसलेल्या आबांना मी धक्क्यावर समुद्राकडे पाठ करून उभं केलं आणि कॅमेरा रोखून सूर्याची वाट पाहत राहिले. बोटींतली मासळी उतरली, चांगलं फटफटलं, तरी समुद्रातून काही वर येईना.

"ढग असंल," आबा म्हणाले. जरा वेळानं डोळे चोळत म्हणाले, "माझ्या तोंडावर ऊन कुठनं येतंय गं?"

मी वळून पाहिलं. सूर्य माझ्या मागे, डोंगरावर! रोज घाटावर उगवणारा सूर्य समुद्राकडे मावळताना पाहत ज्यांनी जन्मभर शेती केली ते आबा, आणि सातवीला भूगोल शिकवणारी मी. डोंबल आमचं!

मी चिडून कॅमेरा आवरायला घेतला. तोवर आबा एका कोळणीच्या टोपलीतलं पापलेट उचलून घासाघीस करायला लागले होते.

"म्हातारबा, घ्यायचं नसंल तर ठेव खाली," ती खेकसली. "नवरदेवासारखा मिरवतोस काय?"

आबा तोंड उघडं टाकून हसले. कोवळं ऊन सरळ तोंडावर होतं. मी पटकन बटण दाबलं.

हातात पापलेट, टोपी तिरकी, उरलेसुरले दात सगळे बाहेर. आबा बराच वेळ फोटो बघत राहिले.

"झ्याक हाय. ह्योच लाव," म्हणाले. मग जरा घुटमळले. "पर ह्यो बघून कुणी रडायचं नाय गं. तू तरी रडशील ना?"

असा संताप आला मला! "गप बसा हो आबा, सकाळी सकाळी काय हे अभद्र!" असं ओरडले आणि तिथेच, मासळीच्या टोपल्यांमध्ये उभी राहून, ढसाढसा रडायला लागले.

"आत्ता नाय गं, येडे," आबा घाबरून म्हणाले. "मेल्यावर."