हातातलं संपू दे

कुंदाताई गेल्याची बातमी मला कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. सकाळी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शिरताना फोन वाजला, म्हणून स्कूटर बाजूला घेतली. मालकांचा संदेश होता : ‘आपल्या माजी सहकारी कुंदाताई गावंडे यांचे काल घाटंजी येथे हृदयविकाराने दुःखद निधन.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग... आणि त्या रांगेच्या खाली, पाचच मिनिटांत, त्याच मालकांनी नव्या मॉडेलचा रंगीत फोटो टाकलेला. त्याला तितकेच अंगठे आले होते, बहुतेक त्याच बोटांनी दाबलेले. हात मीही जोडले होते, हे आधीच सांगून टाकतो. या लेखात ज्यांची शिसारी यावी त्यांच्या यादीत माझा नंबर बराच वरचा आहे.

आम्ही पुकारणीच्या पेट्या बनवतो. कापसाच्या यार्डात लिलावाच्या वेळी गाड्यांचे नंबर पुकारतात ना, त्या. पेटीत एक लहानसा कॉम्प्युटर आणि एक साउंड कार्ड असतं, आणि त्या दोघांमध्ये बोलणं घडवणारा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कुंदाताईनं लिहिला होता. कार्ड आवाजाचा एक तुकडा वाजवून संपवतं आणि प्रोसेसरला हाक मारतं, ‘पुढचा द्या.’ या हाकेला इंटरप्ट म्हणायचं. हाक केव्हाही येते, हातातलं काम अर्धवट टाकून ती ऐकावी लागते, आणि सगळी गोम तिथंच आहे. कुंदाताईच्या वडिलांचं घाटंजीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी दहा रेडिओ एकदम लागलेले असताना त्यातला कुठला घरघरतो, हे ती लहानपणीच सांगायची म्हणे. मी कंपनीत लागलो तेव्हा ती तिथं मुरलेली होती.

माझ्या पहिल्याच ड्रायव्हरमध्ये मी त्या हाकेच्या जागी फाइल वाचायला बसलो होतो. पेटी गचके खायची. कुंदाताईनं कोड वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाली, “सुरेश, दारावर कोणी हाक मारली, तं त्याले तिथंच उभं ठेवून तू सयपाकाले लागतं का?” मी मान खाली घातली. “हाक ऐकायची, नोंद करायची अन् सुटायचं. बाकीचं काम मागून, सवडीनं. त्या जागी झोपायचं नाही, कोणाची वाट पाहत बसायचं नाही.” मग तिनं टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला. निळ्या शाईत तीन ओळी होत्या : ‘आधी कार्डाले गप्प कर. मग हातातलं संपू दे. मगच जागा सोड.’ आवाज थांबवायचा तर आधी कार्डाला सांगायचं, आता हाक मारू नको. पण एखादी हाक आधीच येऊन चुकलेली असते, तिचं काम चालू असतं, ते संपेपर्यंत थांबायचं. आणि मगच आवाजासाठी घेतलेली मेमरी परत करायची. जागा आधी सोडली तर उशिरा आलेली हाक परक्याच्या घरात शिरते आणि कॉम्प्युटर जागच्या जागी अडकतो. कार्डाला मात्र यातलं काहीच कळत नाही. ते शेवटचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतं.

फोनवरही तिचं असंच होतं. “ठेवते बरं,” म्हणायची आणि ठेवायची नाही. समोरच्यानं ठेवेपर्यंत कानाला धरून बसायची. मी एकदा चिडवलं, “ताई, बिल कोण भरते?” तर म्हणाली, “कोणाचं काही सांगायचं राह्यलं असन तं?”

आता घाणीकडे येतो. आमच्या मालकांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंना पेटीत एकच खोट दिसायची : एक नंबर थांबवून दुसरा लावला की मध्ये अर्धा सेकंद जायचा. “ही पेटी विचार करून राह्यली असं वाटते. गिऱ्हाइकाले पटत नाही,” भाऊ म्हणाले. कुंदाताई म्हणाली, “तो विचार नाही भाऊ, ते आवरणं आहे. ते मी नाही काढत.” त्यानंतर आठवड्याभरात तिची आई आजारी पडली आणि ती रजेवर घाटंजीला गेली. भाऊ माझ्या टेबलाशी आले, चहा मागवला आणि म्हणाले, “सुरेश, तुले तं येते ना हे?” बस्, एवढंच. धमकी नाही, आमिष नाही. कोणीतरी मला कुंदाताईच्या बरोबरीचं समजलं, या एका गुदगुल्यावर मी कोडमधल्या, हातातलं संपेपर्यंत थांबायच्या दोन ओळी काढून टाकल्या. दहा वेळा पेटी चालवून पाहिली. दहाही वेळा छान चालली. असली चूक दहा वेळांत सापडत नसते, हाक नेमकी त्या निमिषाला यावी लागते, आणि हे मला ठाऊक होतं. तिनंच शिकवलं होतं.

ती हाक ऐन हंगामात आली, कुंदाताई अजून रजेवर असतानाच. यार्ड गाड्यांनी भरलेलं, पेटीवर बसलेला माणूस चपळ, एक नंबर थांबवून लगेच दुसरा लावणारा. ‘गाडी नंबर सत्तेचाळीस’ पुकारताना पेटी अडकली आणि पूर्ण आवाजात ‘ळीस-ळीस-ळीस-ळीस’ सुरू झालं. बटणं चालेनात. वायर उपटेपर्यंत एक बैलजोडी बिथरली, गाडी उलटली आणि उत्तमभाऊ नावाच्या हमालाचा पाय मोडला. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. आमच्याच कंपनीतल्या दोघांनी तो ‘ळीस-ळीस’ रिंगटोन म्हणून लावला... महिनाभर तो ऑफिसात वाजत होता आणि लोक हसत होते. उत्तमभाऊंच्या विव्हळण्याचा आवाज कापून तेवढंच घेतलं होतं. आजही आठवलं की तोंडाची चव जाते.

भाऊंनी यार्डाला पत्र दिलं : ‘संबंधित अभियंत्या कुंदा गावंडे यांच्या चुकीमुळे हा प्रकार घडला, त्यांना कामावरून कमी करण्यात आले आहे.’ पत्राची प्रत मी टाइप केली. चूक काय होती हे त्या इमारतीत दोघांना माहीत होतं, एक सही करत होता आणि दुसरा शुद्धलेखन तपासत होता. त्या दिवशी संध्याकाळी कुंदाताईचा फोन आला. “सुरेश, ते थांबायच्या ओळी कोणी काढल्या?” मी म्हणालो, “मले नाही माहीत, ताई.” ती म्हणाली, “बरं. ठेवते,” आणि नेहमीप्रमाणे ठेवला नाही. पलीकडे घाटंजीच्या रस्त्यावर कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजत होता. माझं काही सांगायचं राहिलं असेल, तर त्यासाठी तिनं मला जागा दिली होती. मी फोन कापला. आमच्याकडे कोडच्या प्रत्येक बदलापुढे तो करणाऱ्याचं नाव नोंदलेलं असतं. ती नोंद न पाहताच कुंदाताईनं विचारलं असेल, असं मी स्वतःला दोन वर्षं सांगत आलो.

ती गेल्यावर कंपनीनं शोकसभा घेतली. मोठा फ्लेक्स लावला होता, त्यावर कुंदाताईपेक्षा भाऊंचा फोटो ठसठशीत. खाली ‘ताईंचा मूलमंत्र’ म्हणून तिच्या तीन ओळी छापल्या होत्या, आणि त्यांचा क्रम बदललेला होता! फ्लेक्सवाल्यानं कमानीत बसावं म्हणून सगळ्यात छोटी ओळ वर घेतली होती. ‘मगच जागा सोड’ पहिली. तिनं आयुष्यभर जी चूक होऊ दिली नाही, तीच तिच्या फोटोखाली फुलांच्या वेलबुट्टीत छापली होती, आणि त्या हॉलमधल्या एकाही इंजिनिअरच्या डोळ्यांत ती खुपली नाही. भाऊ डोळे पुसत म्हणाले, “ताई म्हणजे आमच्या घरच्याच.” मला वाटलं, उठून बाहेर जावं. पण मी मांडीवर हात ठेवून बसून राहिलो.

पुढच्या रांगेत तिची आई बसली होती. सभा संपल्यावर मी पाया पडलो. म्हातारीनं हात धरला. “तू सुरेश ना? तुमच्यातल्या कोणाच्या हातून ते झालं, ते कुंदाले माहीत होतं. म्या लय खोदून इचारलं. नाव नाही घेतलं तिनं. म्हणे, आई, त्याले सांगावं वाटन तवा तो सांगन.” तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं नाही. संशयानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी तिथंच खाली बसलो आणि सांगितलं. म्हातारीनं हात सोडवून घेतला आणि म्हणाली, “मले सांगून काय करतं बापू आता?”

बरोबर होतं तिचं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या दोन ओळी मी परत जागेवर लावल्या आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं : ‘या ओळी मी काढल्या होत्या. यार्डातला अपघात त्यामुळे झाला. कुंदा गावंडे यांचा दोष नव्हता.’ भाऊंनी बोलावून विचारलं, “हे कायले लिहिलं? पुसून टाक.” मी पुसलं नाही. पण कंपनीतल्या नोंदी बाहेर कोण वाचतो... म्हणून हे इथं लिहितो आहे. हे छापून येईल तेव्हा माझी नोकरी बहुधा नसेल.

गेल्या आठवड्यात यार्डातल्या पेटीत तिचा ड्रायव्हर पुन्हा घालून आलो. उत्तमभाऊ अजून लंगडतात, आता पेटीजवळ बसून पावत्या देतात. सगळं त्यांना आधी सांगितलं. त्यांनी एक कचकचीत शिवी दिली, ती मी घेतली. मग पेटी सुरू केली. एक नंबर थांबवला, दुसरा लावला. “काहून अडते हे मधात?” त्यांनी विचारलं. “अडत नाही उत्तमभाऊ. आधीच्याचं संपू देते,” मी म्हणालो. तिचा तो निळ्या शाईचा कागद भिंतीवरून काढून मी खिशात ठेवला आहे, पण तो काही मी रोज उघडत नाही. बटण दाबतो. त्या अर्ध्या सेकंदात पेटी गप्प असते, मला घाटंजीच्या रस्त्यावरचा तो हॉर्न ऐकू येतो, आणि तिनं फोन अजून ठेवलेला नसतो.