स्टेट कॉलेजातलं बाळंतपण

बाळंतपणाचे किस्से सांगायला कुणाला आमंत्रण लागत नाही. चार बायका चहाला जमल्या आणि एकीने "माझ्या वेळी ना..." अशी सुरुवात केली, की पुढचे दोन तास कोणी जागची हलत नाही. माझ्याकडे तर साठाच आहे. कारण दोन हजार चार साली आमच्या ग्रॅज्युएट अपार्टमेंट्समध्ये गरोदर मी एकटी होते आणि सल्ले देणारे बाकी सगळे!

मी स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होते, नवरा अभय मटेरियल सायन्समध्ये. खालच्या मजल्यावर नागपूरची प्रज्ञा राहायची, सिव्हिलवाली. तिचे वडील त्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आले होते. निवृत्त हेडमास्तर, सगळ्यांचे काका. पेन्सिल्व्हेनियातल्या त्या गावात माझं सासर-माहेर म्हणजे एवढंच.

* * *

आमच्या गावाचं नाव स्टेट कॉलेज. हो, गावाचंच नाव! हे कऱ्हाडच्या कुसुममावशीला समजावणं पीएचडीपेक्षा अवघड होतं.

"बाळंतपण कुठे करणार गं नीलिमा?" तिने फोनवर विचारलं.

"स्टेट कॉलेजला."

"कॉलेजात? अगं, परीक्षा पुढच्या वर्षी दे की!"

"मावशी, गावाचं नाव आहे ते. हॉस्पिटल वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे कुठे?"

"कॉलेजच्या जवळच."

मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं. आठवड्याभरात कऱ्हाडभर बातमी झाली: "आमची नीलिमा एवढी हुशार, की तिला कॉलेजने बाळंतपणाचीसुद्धा स्कॉलरशिप दिली!"

* * *

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, असा आमच्याकडचा नियम. मला सेमिस्टर सोडून जाता येत नव्हतं, म्हणून माहेरानेच माझ्याकडे यायचं ठरलं. आईने डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा असं सगळं बांधून ठेवलं आणि व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला गेली. अभयने आदल्या दिवशी फोनवर तिची तयारी करून घेतली होती. "आई, घाबरू नका. खरं तेवढं बोला."

हाच सल्ला नडला.

"अमेरिकेला कशासाठी जाताय?" साहेबाने विचारलं.

"डिलिव्हरीसाठी."

त्याने चष्म्यावरून आईकडे पाहिलं. आई छप्पन्न वर्षांची. "कोणाच्या?"

"मुलीच्या."

इथपर्यंत ठीक होतं. मग त्याने विचारलं, "तिथे तुम्ही नक्की काय करणार?"

आईने बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. "काम! पहाटेपासून काम. बाळाची अंघोळ, मालीश, धुरी. मग हिची अंघोळ, शेकणं, हिचं वेगळं जेवण, आल्यागेल्याचं बघणं. तीन महिने बसायलासुद्धा मिळायचं नाही!"

व्हिसा मिळाला नाही. खरं कारण काय ते आम्हाला कधीच कळलं नाही. आईचं मत मात्र पक्कं होतं. "काम करायला जाते म्हटलं तर नाही म्हणाला. मग काय, बसून खायला येते म्हणायचं होतं?"

आज हसू येतं. त्या दिवशी मी बाथरूमचं दार लावून रडले. मला भीती कळांची नव्हती. कळा येतील तेव्हा आई जवळ नसेल, याची होती. मी अभयला तसं सरळ सांगितलं. "आईशिवाय मला जमायचं नाही."

"मी आहे ना!" अभय म्हणाला.

स्वतःचं रक्त तपासायला दिलं तरी खुर्चीतून घसरणारा माणूस हा. मी आणखी रडले.

* * *

हॉस्पिटलात दर मंगळवारी संध्याकाळी, लवकरच आई-बाबा होणाऱ्यांचा क्लास असायचा. बरोबर एक माणूस आणायचा, त्याने पाठ चोळून द्यायची, श्वास मोजायचे, धीर द्यायचा. पहिल्याच मंगळवारी अभयचं लॅबमधलं मशीन बंद पडलं. प्रज्ञाचा पेपर होता. राहिले काका!

इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून काका माझ्याशेजारी चटईवर बसले. शिकवणारी बार्ब हसतमुखाने पुढे आली. "अँड यू मस्ट बी द डॅड!"

काका प्रामाणिक माणूस. खिशात तिन्ही मुलांचे फोटो. "येस," ते ताठ मानेने म्हणाले, "थ्री टाइम्स!"

सगळ्या क्लासने टाळ्या वाजवल्या. मला चटईखाली जावंसं वाटलं.

मग बार्बने श्वास शिकवायला घेतला. ही, ही, हू! ही, ही, हू! नऊ जोडपी भराभर फुंकायला लागली. मलाही चक्कर यायला लागली. काका जरा वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काहून एवढ्या धापा टाकतात हे लोक? श्वासाले पळवू नोको पोरी. येतो, त्याले येऊ दे. जातो, त्याले जाऊ दे. आपण फक्त पाहायचं."

नागपूरला रोज सकाळी विहारात बसून काका हेच करायचे. आनापान म्हणतात त्याला. बार्बने कुतूहलाने विचारलं, तेव्हा काका उठले, हात पाठीमागे बांधले आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीतला आवाज काढला. "सिट स्ट्रेट!"

नऊच्या नऊ जोडपी ताठ! पुढची दहा मिनिटं त्या खोलीत कोणी हूं की चूं केलं नाही. माझी पाठ दोन महिने ठणकत होती. त्या दहा मिनिटांत ती ठणक निवत निवत गेली, हे मी आजही विसरलेले नाही. आपल्या अंगातच एवढा आराम भरलेला आहे, हे मला पहिल्यांदा कळलं.

पुढच्या मंगळवारी मी अभयला घेऊन गेले. आम्हाला दारात बघून अख्ख्या क्लासचे चेहरे पडले. मागून एकजण ओरडला, "नॉट हिम! द अदर वन!"

* * *

नववा महिना लागला तरी मी फर्स्ट इयरच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवत होते. डॉक्टरीण म्हणाली होती, चाला, फिरा, झेपेल तेवढं काम करा. मी रोज अपार्टमेंटपासून क्लासपर्यंत चालत जायचे. कॅम्पस बसचा ड्रायव्हर शेजारून हळूहळू बस चालवायचा आणि दार उघडं ठेवायचा. "नाऊ?" तो विचारायचा. मी हाताने नको म्हणायचे. पुढच्या वळणावर पुन्हा, "नाऊ?" बसमधल्या कोणाचीही कुरकुर नसायची.

एके दिवशी शिकवता शिकवता पोट एकदम दगडासारखं घट्ट झालं. मी फळ्याला हात टेकवला, डोळे मिटले आणि काकांनी सांगितलं तसा श्वास बघत उभी राहिले. थोड्या वेळाने पोट सैल पडलं. डोळे उघडले तर अख्खा वर्ग माझ्या पोटाकडे बघत होता.

"सॉरी," मी म्हटलं, "खोट्या कळा असतील. आपण पुढे जाऊ."

पुन्हा आली. पुन्हा श्वास. तिसऱ्यांदा डोळे उघडले तर मागच्या बाकावरच्या टोपीवाल्या मुलाने घड्याळ काढलं होतं आणि शेजारची मुलगी वहीत आकडे लिहीत होती. सेमिस्टरभर या दोघांनी एक गृहपाठ वेळेवर दिला नव्हता! दोघांनी आपापसात कुजबुज केली, कळांमधलं अंतर खरंच कमी होतंय का याचा ग्राफ काढला, आणि टोपीवाल्याने हात वर केला.

"मॅम, रिलॅक्स," तो म्हणाला. "इट्स नॉट सिग्निफिकंट!"

मी दोघांनाही पूर्ण मार्क दिले.

* * *

खऱ्या कळा ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी सुरू झाल्या. शनिवारी आमच्या गावात फुटबॉलची मॅच, म्हणजे सगळे रस्ते तुंबलेले. अभयने गाडी काढली, काका आणि प्रज्ञा मागे बसले. आमच्या पुढच्या गाडीतून तोंडाला निळा रंग फासलेला एक आडदांड माणूस उतरला. त्याने काचेतून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भर चौकात उभा राहून त्याने एकट्याने चारही बाजूंची वाहनं थांबवली!

हॉस्पिटलात काका आणि प्रज्ञा बाहेर थांबले. आत मी, अभय आणि डोना नावाची साठीकडे झुकलेली नर्स. दुखणं थांबवायची सुई हवी का, डोनाने विचारलं. मी म्हटलं, लागली तर मागेन. त्यात मला काही शौर्य गाजवायचं नव्हतं. श्वास बघत बघत मी दुपारपर्यंत आले. मग कळा वाढल्या, आणि मी मोठ्याने ओरडले, "आई गं!"

"नो, हनी," डोना म्हणाली. "यू आर नॉट गोइंग एनीव्हेअर!"

"आई गं!"

"नो, नो! यू कान्ट गो!" आणि तिने पलंगाचा कठडा वर केला.

अभयच्या डोक्यात प्रकाश पडला. "आय गो नाही!" तो घाईघाईने म्हणाला. "आई! म्हणजे मदर. शी इज कॉलिंग हर मदर."

"व्हेअर इज शी?"

"इंडियात. व्हिसा नाही मिळाला."

डोनाने कठडा खाली केला, स्टूल ओढून ती माझ्या उशाशी बसली आणि आपला हात माझ्या हातात दिला. "दाब," ती म्हणाली. "हवा तेवढा जोरात दाब."

एवढ्यात अभय पांढरा पडला. दुसऱ्या नर्सने त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून सफरचंदाचा रस दिला. डॉक्टरीण म्हणाली, "आता शेवटची!" मी दात आवळले, श्वास भरला, अंगात होतं नव्हतं ते सगळं एकवटलं आणि मुठीतला हात दाबला.

खोलीत आरोळी घुमली, "आई गं!!" आणि तिच्या पाठोपाठ माझ्या लेकीचा पहिला टाहो.

मी तर तोंडातून आवाजही काढला नव्हता. ओरडली ती डोना!