सरदारच्या खुब्याचा फोटो

आमच्या घरात आजवर एकाचीच नखशिखांत वैद्यकीय तपासणी झाली आहे, आणि त्याला शेपटी आहे.

हा सरदार. जातिवंत लॅब्रॅडॉर. आमच्या कुरुंदा गावात कुत्र्यांना तोटा नाही, पण ती आपापल्या हिमतीवर जगतात. सरदारचं तसं नव्हतं. पिल्लू देणाऱ्यानं बजावलं होतं, "जातिवंत हाय. लहानपणापासून येळोयेळी तपासत ऱ्हा." म्हणून मी आधी त्याच्या कानामागं ताट वाजवलं. शेजारपाजारचे धावत आले, सरदार झोपूनच राहिला! घाबरून नांदेडला नेला. डॉक्टर म्हणाले, "कान उत्तम आहेत. रिकाम्या ताटाला तो उठत नाही." पुढं डोळे झाले, हृदय झालं. त्या काळात माझी बायको सुनंदा गुडघा धरून चालायची आणि मी तिला 'शेक घे' म्हणायचो.

सरदार वयात आला आणि आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून स्थळ आलं. भगवानरावांची राणी, तीही लॅब्रॅडॉर. बोलणी रीतसर झाली.

"समदं बराबर हाय," भगवानराव फोनवर म्हणाले. "खुब्याचा फोटो तेवढा दाखवा. या जातीत खुबे खराब निघतात अन् ते पिल्लात उतरतं. रविवारी येतो."

मी तोवर अर्ध्या गावाला पिल्लं कबूल करून बसलो होतो. (उरलेलं अर्धं गाव रुसलं होतं.) स्थळ मोडलं असतं, तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

शनिवारी एक्स-रेला निघालो. भूल द्यायची म्हणून कुत्रा उपाशीपोटी आणायचा होता. घरात सगळ्यांना तसं बजावलं होतं.

"काही खाल्लं नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"कणभरसुद्धा नाही," मी छातीठोकपणे म्हणालो. तेवढ्यात सरदारनं मिशांवरचं पांढरं काहीतरी चाटलं. मी आईला फोन लावला.

"आई, सरदारला खायला दिलं का?"

"न्हाई बा. दही-साखर दिली नुसती."

"अगं, त्याला उपाशी न्यायचं होतं!"

"परीक्षेला चाललेलं लेकरू तसंच कसं धाडू? तू दहावीला चालला तवा बी दिलीच हुती." (मी दहावीला दोनदा गेलो, पण ते असो.)

"किती दिली?"

"हातावर ठिवायची, तर त्याला हात कुठं हाय? दह्याचा भरला गंजच ठिवला म्होरं."

डॉक्टर म्हणाले, "आज भूल नाही. सोमवारी या."

"उद्या पाहुणे येऊन राहिले, डॉक्टर! तसाच काढा. मी धरतो त्याला."

त्यांनी नाइलाजानं मला शिशाचे जाड, जड हातमोजे दिले आणि हात फोटोत आणू नका म्हणून सांगितलं. सरदारला उताणा केला. त्याला वाटलं, पोट खाजवणार. तो आनंदानं पाय झाडू लागला. मोज्यांतून तो आवरेना, म्हणून मी ते भिरकावले आणि त्याची मांडीच आवळली. सरदार जागेवर थिजला. फोटो निघाला. डॉक्टर मला जे बोलले ते घरी सांगितलं नाही.

रविवारी भगवानराव आले. पोहे झाले, चहा झाला. न्हाऊ घातलेला सरदार मधोमध बसवला. भगवानरावांनी एक्स-रेची प्लेट दारातल्या उजेडात धरली.

"खुबे झकास हायत," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "पण यानं अंगठी काहून गिळली?"

"ती... माझी अंगठी हाय. अन् ती माझी बोटं."

त्यांनी पुन्हा प्लेट पाहिली, मग माझा हात पाहिला. "सांधे पार वाकडे झाले हो तुमचे." त्यांनी काळजीनं विचारलं, "हे सरदारात उतरलेलं न्हाई ना?"

न्हाई, म्हणून मला चारचौघांत सांगावं लागलं. तेव्हा कुठं संबंध पक्का झाला.

सुनंदानं प्लेट हातात घेऊन सावकाश पाहिली. "आमच्या बाबानं तुमची जमीन पाहिली, हीर पाहिली, बैलाचे दात बी पाहिले," ती म्हणाली. "जावयाचा फोटो मागायचं तेवढं राहून गेलं."

त्या दिवशी सरदारचं जमलं. त्याच प्लेटवर माझं कुठंच जमलं नसतं.