पहिला नंबर अप्पांचा

अप्पांना गाडीत मोजायची सवय होती. पाय दाबला की "एक, दोन, तीन" सुरू व्हायचं आणि काटा शंभरावर टेकला की थांबायचं. अकरा सेकंद. उदगिरात कितीही मोठा माणूस शेजारी बसला तरी त्याला हे अकरा ऐकावेच लागत. "जिल्ह्यात हिच्यापुढं जाणारी गाडी न्हाई," हे वर.

अप्पा माझे थोरले चुलते. भुसाराचं दुकान, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि दारात दोन दारांची लाल परदेशी गाडी. तरुणपणी मुंबईहून स्वतः चालवत आणलेली. एरवी शर्टाची कॉलर उलटून शिवून घेणारा हा माणूस त्या गाडीपुढे मात्र पार उधळा होता.

दसऱ्याला पूजा झाली की घरातल्या सगळ्या गाड्या सीमोल्लंघनाला निघत. नाक्यापासून माळावरच्या देवळापर्यंत सरळ रस्ता. अप्पांनी पहिलं पोचायचं आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवायचं, ही आमच्या घरची रीतच पडून गेली होती.

मग मी विजेवरची साधी गाडी घेतली. आईला लातूरला दवाखान्यात न्यायला, भाजी आणायला. चाकूरच्या रस्त्यावर मोकळं पाहून पाय दाबला आणि मनात मोजलं, तर आठलाच शंभर. आनंद व्हायचा सोडून मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. दसरा आठवड्यावर होता, आणि काकू गेल्यापासून अप्पांना दुसरी कसली हौस उरली नव्हती.

मी हरलो. चार दसरे हरलो. पाय अधांतरी धरून पोटरी भरून यायची. शेजारी बायको म्हणायची, "बैलगाडी बी पुढं जाईल आता." देवळाशी अप्पा ऐटीत उभे. "बॅटरीची गाडी भाजीपाल्यालाच बरी रे." मला त्यांचा राग यायचा, खरंच यायचा. तरी वाकून नमस्कार करायचो. एकदा हरल्यावर पुढच्या वर्षी जिंकायचं कोणत्या तोंडाने?

गेल्या दसऱ्याला ते सरळ माझ्या गाडीत येऊन बसले. "दाब."

मी जपूनच दाबला.

"नीट दाब म्हनलं ना."

दाबला. ते मोजत आठवर थांबले.

"पहिल्याच वर्षी कळलं व्हतं मला. आरशात बघितलं ना. झपकन जवळ आलास अन् मागं राहिलास."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढा जीव लावून हरायलास. मी कसं थांबू? क्लच दाबताना डावा गुडघा लई मरतो माझा. कवाची इकायची व्हती ती गाडी."

त्याच थंडीत अप्पा गेले. गुडघ्याचं तेल त्यांना दर महिन्याला लातूरहून मीच आणून देत होतो. कोणत्या गुडघ्याला लावता, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.